एसयूपी लिहिलं म्हणून बापाची सगळी इस्टेट पोराच्या नावावर होत नाही

एल्डॅप (LDAP, म्हणजे माणसं, खाती वगैरेंच्या नोंदी ठेवणाऱ्या डिरेक्टरीशी बोलायचा प्रोटोकॉल) स्कीमाबद्दल, म्हणजे त्या नोंदींच्या नियमावलीबद्दल, एक दावा सगळीकडे फिरतोय. नवीन ॲट्रिब्यूट टाइप (नोंदीतल्या माहितीचा एक प्रकार, जसं आडनाव) बनवताना एसयूपीपुढे (SUP) सुपरटाइपचं, म्हणजे ज्यावरून तो काढला त्या वरच्या टाइपचं, नाव टाकलं की त्याचं सगळं आपोआप खाली येतं, अगदी ऑब्जेक्ट क्लाससारखं (नोंदीत कोणते ॲट्रिब्यूट असावेत ते ठरवणारा साचा), आणि जिथे बाप चालतो तिथे पोरगंही चालतं. अर्धा दावा खरा आहे, म्हणून तर लोक फसतात.

खरं काय ते आधी मान्य करून टाकतो. सिंटॅक्स (व्हॅल्यू कोणत्या स्वरूपात हवी ते) लिहिला नाही तर तो सुपरटाइपचा लागतो, आणि इक्वॅलिटी, ऑर्डरिंग, सबस्ट्रिंग या मॅचिंग रूल्सपैकी (व्हॅल्यूंची तुलना कशी करायची त्याचे नियम) जो दिला नसेल तोही वरूनच येतो. सीएनची (cn, कॉमन नेम) व्याख्या बघा, ओआयडी म्हणजे ओळखीचा आकडा २.५.४.३, नाव, आणि एसयूपी नेम, संपलं! सीएन शोधताना कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही तो नेमच्या केसइग्नोअरमॅचमुळे.

आता "सगळं" हा शब्द. सिंगल-व्हॅल्यू, म्हणजे एकच व्हॅल्यू चालेल हा नियम, वरून येत नाही. २००६ च्या आरएफसी ४५१२ मध्ये (एल्डॅपच्या मानकात) वरून काय येतं ते सांगितलंय, त्यात हे नाहीच, ज्याचं त्याने लिहायचं. मी स्वतः यात आपटलोय, ओळख क्रमांकाचा एक सिंगल-व्हॅल्यू टाइप होता, त्याखाली सबटाइप काढला आणि म्हटलं वरून आलंच असेल, मग सिंक स्क्रिप्टने जुना नंबर न काढता नवा टाकला आणि एकाच माणसाला दोन नंबर लागले. सर्व्हर गप्प, कारण त्याच्या दृष्टीने चुकलं काहीच नव्हतं. तो एक शब्द लिहिला असता तर एरर १९ देऊन तिथेच अडवलं असतं.

युसेजचं, म्हणजे टाइप कशासाठी वापरायचा त्याचं, आणखी वेगळं. ते सुपरटाइपशी जुळलंच पाहिजे पण वरून येत नाही, लिहिलं नाही तर युजर ॲप्लिकेशन्स धरलं जातं, म्हणजे ऑपरेशनल (सर्व्हरच्या स्वतःच्या कामाच्या) टाइपचा सबटाइप काढताना ते विसरलात तर व्याख्याच चुकीची.

"बाप चालतो तिथे पोरगं चालतं", हे तर साफ चूक. ऑब्जेक्ट क्लासमध्ये मे (MAY, असलं तर चालेल) नेम असेल म्हणून एंट्रीत (नोंदीत) सीएन टाकता येत नाही, एरर ६५ येतो, आणि मस्ट (MUST, हवंच) नेम असेल तर नुसतं सीएन देऊन भागत नाही. आरएफसीने नेमकं हेच उदाहरण दिलंय, तरी लोक वाद घालतात. पर्सन क्लासमध्ये सीएन आणि एसएन (आडनाव) दोन्ही नावानिशी मस्ट आहेत, ते उगाच नाही.

बरं, नातं कामाला येतं ते शोधताना. नेमवर फिल्टर लावला तर सीएन, एसएन, गिव्हननेम, ओयू (विभागाचं नाव) सगळ्यांच्या व्हॅल्यू तपासल्या जातात, आणि रिझल्टमध्ये नेम मागितलं तर ही सगळी भावंडं परत येतात. पण मॉडिफाय करताना परत अनोळखी! नेम डिलीट करा म्हटलं तर सीएनला धक्काही लागत नाही, कारण व्हॅल्यू ज्या नावाने टाकली त्याच नावाची असते.

राहिलं "ऑब्जेक्ट क्लाससारखं". क्लासला एकापेक्षा जास्त सुपरक्लास चालतात, ॲट्रिब्यूट टाइपला सुपरटाइप एकच. आणि सिंटॅक्स बदलायचा तर वरच्याचाच आवळलेला प्रकार हवा, जसं सी म्हणजे देशाचा कोड, तो नेमखाली असूनही स्वतःचा कंट्री स्ट्रिंग सिंटॅक्स घेतो आणि सिंगल-व्हॅल्यूही स्वतःच लिहितो.

आणि हो, मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत हे सगळं शोधत बसू नका, तिथे ॲट्रिब्यूट टाइपचा वारसा हा प्रकारच नाही, तिथलं नेम म्हणजे एंट्रीच्या आरडीएनची (तिच्या पूर्ण नावातला तिचा स्वतःचा भाग) व्हॅल्यू, त्यावर फिल्टर लावून आडनाव सापडेल म्हणून वाट बघाल तर बघतच बसाल.