अकलेचे तारे, पाचपैकी पाच

मे महिन्याची सुट्टी संपवून तुम्ही कोकणातून परत आला आहात. डिकीतली वाळू अजून झाडायची आहे, आणि ज्या ॲपवरून घर बुक केलं त्या एअरबीएनबीचा मोबाइलवर निरोप आलाय: ‘तुमचा मुक्काम कसा झाला?’ खाली पाच पोकळ स्टार. गोंधळून जाऊ नका. हा प्रश्नच नाही. लग्नाच्या पंगतीतून उठून हात पुसत निघालात की मुलीचे वडील हात जोडून विचारतात ना, ‘जेवलात ना पोटभर?’, तसलंच हे आहे. तिथे ‘मठ्ठा आंबट होता’ असं सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. असलाच, तर पुढच्या लग्नाची पत्रिका त्याच्यापर्यंत पोचत नसावी.

तेव्हा पाच द्या. चारचा विचारही मनात आणू नका.

तुम्हाला वाटेल, चार म्हणजे चांगलेच की. दहावीला ३५ टक्क्यांना पास करतात, ७५ च्या पुढे विशेष प्रावीण्य. पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले तरी गुरुजी पंचांग उघडून मुहूर्त बघायला लागतात, आणि तो व्यवहार तर जन्माचा. पण दोन रात्रींच्या खोलीचं तसं नसतं. एअरबीएनबीवर घरमालकाला ‘सुपरहोस्ट’, म्हणजे अव्वल यजमान, म्हणवून घ्यायचं तर सरासरी किमान ४.८ लागते. शेकड्यात सांगायचं तर ९६. तुमचे चार म्हणजे ८०. म्हणजे नापास, आणि तेही तुम्ही हसतहसत, ‘छान होतं हो सगळं’ असं म्हणत केलेलं.

जरा गणित मांडा. एकाने ४ दिले, तर सरासरी पुन्हा ४.८ वर आणायला ५ देणारे चार पाहुणे लागतात. ३ दिले, तर नऊ. आणि रात्री दोन वाजता लाईट गेली, डास चावले, म्हणून कुणी तिरीमिरीत १ ठोकला, तर एकोणीस. महावितरणच्या फ्यूजचं पाप एकोणीस पाहुण्यांनी फेडायचं. या हिशेबाची तपासणी दर तीन महिन्यांनी होते, मागचे ३६५ दिवस धरून. कोकणातल्या घराला दिवाळी, नाताळ, मे आणि चार जोडसुट्ट्या सोडल्या तर पाहुणा दिसत नाही. एकोणीस जण गोळा होईपर्यंत पुढच्या वर्षीचा आंबा मोहरावर येतो.

एवढं कळल्यावर कोण चार देईल? कुणीच देत नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एअरबीएनबीवरची लाखो घरं तपासली. त्यातल्या जवळपास ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच निघाली. ट्रिपॲडव्हायजर या प्रवाशांच्या रिव्ह्यूंच्या साइटवरच्या हॉटेलांची सरासरी मात्र ३.८. यावरून घरं हॉटेलांपेक्षा चांगली असतात असं समजू नका. हॉटेलचा मॅनेजर तुमच्यासाठी पहाटे उठून घावन घालत नाही, म्हणून त्याच्याबद्दल खरं बोलायला जीभ वळते, इतकंच.

माझंच उदाहरण घ्या, आणि त्यातून शिका. गुहागरच्या अलीकडे एका घरात आम्ही दोन रात्री राहिलो. घर फोटोत होतं तसंच: चिऱ्याचं, कौलारू, पुढे सारवलेलं खळं, खळ्यात झोपाळा. फक्त गिझर चालू केला की एमसीबी, म्हणजे विजेचा आपोआप बंद होणारा खटका, पडायचा. एमसीबीची पेटी पडवीत, बाकाच्या वर, हात जेमतेम पोचेल अशी. त्यामुळे आत आंघोळीला एक माणूस आणि बाहेर बाकावर उभा एक माणूस, अशी आमची सकाळ. बायको आतून ओरडायची ‘गेली!’, मी खटका वर करायचो, पुन्हा ‘गेली!’. बादलीभर कोमट पाण्याला आठ वेळा. शेवटी मुलीने तो खटका बोटाने वर धरून ठेवला, तेव्हा खालून जळका वास आला आणि आम्ही सगळ्यांनी थंड पाण्याची आंघोळ ही आरोग्याला कशी चांगली असते यावर एकमत केलं.

‘समुद्र पाच मिनिटांवर’ हेही खरं होतं. मोटरसायकलवर, उताराने. चढाचा उल्लेख नव्हता.

निघताना घरमालकीण काकूंनी मुलीच्या हातात आंबापोळी ठेवली, आमच्या पिशवीत आमसुलांची पुडी सारली आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘आमचा बंड्या म्हणतो, आई, पाचाच्या खाली गेलं की ते आपलं घर यादीत खाली ढकलतात. मला नाही त्यातलं कळत. बघा हो, तुम्हाला जमेल तसं.’ आता सांगा. आमसुलांच्या पुडीपुढे एमसीबी काय टिकणार? मी गाडीतच, पहिल्या वळणावर रेंज आली तशी, पाच दिले आणि वर लिहिलं: ‘अगदी घरच्यासारखं वाटलं.’ यात खोटं काहीच नाही. माझ्या घरचा गिझरही दोन वर्षं बंद आहे.

होस्टला एकट्यालाच दिसेल अशी एक खासगी चौकटही त्या अर्जात असते. तिथे ‘एमसीबी बदलून घ्या, वास येतोय’ असं लिहिलं असतं, तर बंड्याने वायरमन बोलावून काही शे रुपयांत काम उरकलं असतं. म्हणून ती चौकट टाळायची. माणूस दुखावतो. आणि आग लागलीच तर ती पुढच्या पाहुण्यांच्या वेळी लागेल.

एकूण स्टार दिलेत की आणखी सहा ओळी येतात: स्वच्छता, वर्णन खरं होतं का, चेक-इन, संवाद, ठिकाण, पैशाचा मोबदला. भोळी माणसं समजतात की या सहांची सरासरी म्हणजे एकूण. तसं काही नाही, एकूण स्टार वेगळे मोजले जातात. तेव्हा मनातली सगळी मळमळ सहांपैकी एका ओळीत ओतायची असेल तर ‘ठिकाण’ निवडा. नकाशावर घर कुठे आहे ते बुकिंगच्या आधीच पाहिलं होतं, तरी तिथे तीन द्या. काकूंना पुढच्या हंगामापर्यंत चिऱ्याचं घर उचलून समुद्राकडे सरकवायला तेवढीच प्रेरणा मिळेल. वानरं, ओली हवा आणि पहाटे चारचा कोंबडा यांचेही गुण याच ओळीत कापावेत, अशी शहरी पाहुण्यांत रीत पडली आहे.

काकूंना हा खेळ येत नाही, ही त्यांची चूक. ज्यांना येतो त्यांच्याकडे जाऊन बघा. लोणावळ्याकडच्या एका पूल व्हिलात मित्रांबरोबर गेलो होतो. तिथल्या माणसाकडे अशा बऱ्याच व्हिला होत्या आणि स्वभाव एकच. चेक-आउटला डिपॉझिट मागितलं तर म्हणाला, ‘सर, फाइव्ह स्टारचा स्क्रीनशॉट पाठवा, लगेच जीपे करतो.’ रिव्ह्यूची अशी देवाणघेवाण ॲपच्या नियमांत बसत नाही, असं आमच्यातल्या वकिलाने त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘बरोबर आहे सर. पाठवा स्क्रीनशॉट.’ वकिलाने पाठवला. त्या व्हिलाला ४.९ आहे. पूलचं पाणी हिरवं होतं. निसर्गाच्या सान्निध्यात असं कुणीतरी लिहिलंय, ते त्याबद्दलच असावं.

पूर्वी तर आणखी मजा होती. तुम्ही आधी लिहिलंत की ते वाचून होस्ट तुमच्याबद्दल लिहायचा. म्हणून दोघंही दबा धरून बसायचे. २०१४ मध्ये एअरबीएनबीने ते बंद केलं: दोघांचे लिहून होईपर्यंत, किंवा १४ दिवस संपेपर्यंत, कुणाचंच दिसत नाही. सूड थांबावा ही कल्पना. पण त्यांना आमसुलाची ताकद ठाऊक नव्हती. भीती काढली, भीड कोण काढणार? आणि ज्यांना भीडही नसते ते मुळात लिहीतच नाहीत. एअरबीएनबीवरच झालेल्या एका प्रयोगात, ज्या घरांवर अजून रिव्ह्यू नव्हते त्यांच्या पाहुण्यांना लिहिण्यासाठी २५ डॉलरचं कूपन देऊ केलं. मग जास्त लोकांनी लिहिलं, आणि स्टार कमी पडले. म्हणजे घरी जाऊन ‘पुन्हा नाही बाबा’ असं म्हणून विषय संपवणारी मंडळी फुकटात बोलत नव्हती. आपले अर्धे नातेवाईक असेच आहेत.

आता पाहुण्यांच्या गुणांकडे येऊ. होय, तुम्हालाही गुण मिळतात. दार बंद करून चादरीवर कढी सांडलीत तरी. पण खरा निकाल त्याच्या आधीच लागतो. हार्वर्डमधल्या तिघांचा २०१७ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे: अमेरिकेतल्या पाच शहरांत सुमारे ६,४०० होस्टना सारख्याच मजकुराची विचारणा गेली, बदललं होतं फक्त नाव. कृष्णवर्णीयांचं वाटणारं नाव असलं की होकार १६ टक्क्यांनी कमी. नंतर आणखी एका अभ्यासात दिसलं, की पाहुण्याच्या खात्यावर एक जरी रिव्ह्यू असला तरी हा फरक जवळपास पुसला जातो. उपाय सोपा आहे, फक्त पहिला रिव्ह्यू मिळायला आधी कुणीतरी घरात घ्यावं लागतं. गाजावाजा झाला, आणि २०१८ मध्ये कंपनीने ठरवलं की बुकिंग मंजूर होईपर्यंत होस्टला पाहुण्याचा फोटो दाखवायचा नाही.

हे वाचून आपण हसू शकतो, कारण आपल्याकडे फोटोवाचून कधीच अडलं नाही. ॲपवर घर बघायचं आणि फोन करून दर विचारायचा, ही आपली पद्धत. फोनवर मग, ‘आडनाव काय म्हणालात?’ ‘मूळ गाव कुठलं?’ ‘नाही, सहज. तुम्ही नॉनव्हेज खाता का? घरात नाही चालत, म्हणून विचारलं.’ आणि थोड्या शांततेनंतर: ‘अरेरे, त्या तारखा नेमक्या आत्ताच गेल्या हो.’ माझ्या ऑफिसातल्या एका मित्राच्या तारखा नेहमी नेमक्या आत्ताच जातात. त्याच तारखांना, त्याच घरात, माझ्या आडनावाने मी एकदा दहा मिनिटांनी फोन केला तर दोन खोल्या होत्या आणि पैकी कुठली हवी असंही विचारलं. तो मित्र त्या घराला किती स्टार देईल? एकही नाही, कारण रिव्ह्यू लिहायला मुक्काम व्हावा लागतो. ज्याला दारातून परत पाठवलं त्याच्यासाठी चौकट नाही. त्या घराचे रिव्ह्यू मी वाचले. सगळ्यांनी लिहिलंय: ‘होस्ट फार प्रेमळ.’ सगळ्यांचं खरं आहे.

सरकारने काही केलं नाही असं मात्र म्हणू नका. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, कसे तपासावेत, कसे छापावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये रीतसर मानक काढलं, आयएस १९०००. रिव्ह्यू लिहिणाऱ्याची ओळख पटवावी, पैसे देऊन लिहून घेतलेले छापू नयेत, असं त्यात बरंच शहाणपणाचं आहे. पाळणं तेवढं ऐच्छिक ठेवलं. हेल्मेटचं आपण काय केलं ते पाहता, हे बरंच पुढचं पाऊल आहे.

तर, पाच. हात थरथरू देऊ नका. मी दिले, तेव्हा चौदाव्या दिवशी काकूंचा रिव्ह्यूही उघडला. बंड्याने लिहून दिला असावा: ‘फारच सुसंस्कृत कुटुंब. अवश्य या.’ झोपाळ्याची कडी आमच्या मुलीने मोडली होती. मी ती दोरीने बांधली होती आणि कुणाला बोललो नव्हतो.

महिनाभराने माझे साडू सहकुटुंब त्याच घरी गेले. परतल्यावर रात्री फोन. आवाज बसलेला, सर्दी झालेली.

‘अहो, तुमचा रिव्ह्यू वाचून गेलो आम्ही. तो गिझर! आणि झोपाळ्यावरून आमची ही खाली आली, कडीला दोरी बांधलीय कुणीतरी.’

‘अरेरे,’ मी म्हटलं. ‘लिहिलंत का मग तसं?’

‘छे हो. निघताना काकूंनी आगळाची बाटली दिली.’

‘स्टार किती दिलेत?’

‘पाच. तुम्ही पाच दिलेले, मी चार देऊन वाईट कसा होऊ?’