जिना म्हणजे तुमची अडगळीची खोली नाही

तिसऱ्या मजल्यावरच्या चपलांच्या रॅकवर आपटून माझ्या बाबांचा गुडघा फुटला. अंधारात, धुरात, जिना उतरताना. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रॅकवाल्यांचं पहिलं वाक्य काय, तर "आमच्या रॅकचा कोपरा तुटला हो!"

गुडघा कसा आहे, हे विचारलंसुद्धा नाही.

झालं असं की रात्री अकराच्या सुमारास लाइट गेली आणि पाठोपाठ जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत वायरी जळत होत्या. धूर जिन्यात शिरला होता, पण अजून पातळ होता, म्हणून आम्ही निघालो. दाट असता तर दार लावून, फटीत ओला टॉवेल कोंबून घरातच थांबलो असतो. बाबांचा एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या खांद्यावर. मोबाइलचा उजेड धुरात दोन पायऱ्यांपलीकडे पोचत नव्हता. चौथ्या मजल्याच्या वळणावर कुणाची तरी सायकल, नेमकी कठड्याला साखळीने बांधलेली. म्हणजे बाबांना कठडा सोडावा लागला. त्यांच्या हातात तेवढाच आधार होता हो! तिथून सहा पायऱ्या खाली तो रॅक. "अगं, पायात काय आलं?" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मागून वरच्या मजल्यावरची माणसं उतरत होती, कडेवर लहान मूल होतं, आणि आम्ही मधोमध अडकलेलो. पुढे जागा नाही, बाजूला जागा नाही.

दहा मिनिटांत धूर आटोक्यात आला. हे दहा मिनिटांत मिटलं हेच आता सगळे माझ्या तोंडावर फेकतायत. "एवढं काय झालं?" "कुणाला काही झालं का?" अहो, झालं असतं तर विचारायला कोण उरलं असतं?

मी गेली दोन वर्षं सांगतेय. हात जोडून सांगितलं, लेखी दिलं, मीटिंगमध्ये आवाज चढवला. दर वेळी तेच उत्तर: "जरा अंगाने गेलं की जाता येतं की!" दिवसाढवळ्या, दोन धडधाकट पायांवर, रिकाम्या हाताने जाता येतं, मान्य. पण आगीत माणूस तसा उतरत नाही. डोळे चुरचुरत असतात, खोकला थांबत नाही, आणि एकाच वेळी पन्नास माणसं तीच वाट शोधत असतात. तेव्हा लिफ्टही वापरायची नसते. मग उरतो तो हा एक जिना, आणि त्यातली अर्धी रुंदी तुमच्या चपलांना, कुंड्यांना आणि जुन्या गाद्यांना दिलेली.

त्या गादीचं तर बोलायलाच हवं. दुसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकवून ठेवलीय, फोमची. तो फोम पेटला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि हायड्रोजन सायनाइडसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आगीत बहुतेक माणसं भाजून मरत नाहीत, धुराने गुदमरून मरतात. आणि तुम्ही तो धूर तयार करणारी वस्तू आमच्या एकुलत्या एक वाटेत उभी करून ठेवलीत!

त्यावर कडी म्हणजे जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर. लिथियम बॅटरी बिघडली तर आतली उष्णता स्वतःच स्वतःला वाढवत नेते, ज्वलनशील वायू बाहेर पडतो, आणि विझली असं वाटल्यावर काही तासांनी ती पुन्हा पेटू शकते. हे सांगितलं तर मालक म्हणतात, "माझी कंपनीची आहे, चांगली आहे." अहो, चांगली असेल. मग जिन्याखाली का? मोकळ्या जागेत लावा ना!

जिन्याचा दरवाजा आपोआप लागावा म्हणून त्याला वर क्लोजर बसवलेला असतो. त्या दरवाजाचं कामच धूर अडवणं. आमच्याकडे तो प्रत्येक मजल्यावर वीट लावून उघडा ठेवलाय, कारण "सारखा ढकलावा लागतो." ढकला! रोज चार वेळा ढकला, काय बिघडतंय?

वाट अडली की काय होतं, हे जगाने पुरेसं पाहिलंय. १९११ साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार गेले. नवव्या मजल्यावरच्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात ५९ जण गेले. तिथेही सुरुवात खालच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून झाली, धूर वर बाल्कनीत चढला, आणि बाल्कनीतून बाहेर पडायची एक वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. खुर्च्या! कुणीतरी तेव्हाही म्हणालंच असेल, "एवढ्याने काय होतंय?"

बाबांच्या गुडघ्याला पाच टाके पडलेत. ते जिना उतरायला आता घाबरतात, आणि ते मला बघवत नाही. काल संध्याकाळी त्यांना हाताला धरून हळूहळू खाली नेलं. तिसऱ्या मजल्यावर रॅक परत जागेवर. कोपऱ्याला नवी पट्टी ठोकलेली, वर चपला नीट लावलेल्या.

मी बेल वाजवली. दार उघडल्यावर म्हटलं, रॅक आत घ्या, आत्ता, माझ्यासमोर. ते म्हणाले, "उद्या बघू." मी म्हटलं, उद्या नाही, आणि बाबांना पायरीवर बसवून तिथेच उभी राहिले. वीस मिनिटं. शेवटी त्यांच्या मुलाने एकट्याने रॅक उचलून आत नेला.

सायकल, गादी आणि स्कूटर अजून तिथेच आहेत. आज संध्याकाळी त्यांच्या दारात उभी राहणार आहे.