केविनची नाइट शिफ्ट आणि शॉन कॉनरीचा 'श'

परवा रात्री झोप येईना म्हणून 'द अनटचेबल्स' लावला. १९८७ चा सिनेमा, दारूबंदीच्या काळातलं शिकागो आणि शॉन कॉनरी म्हणजे आयरिश वळणाचा म्हातारा पोलीस. आयरिश उच्चार मध्येच कुठेतरी डोकावतो आणि गायब होतो. बाकी सगळा वेळ स्वारी एडिंबराचीच. 'स'चा 'श' करत बिनधास्त बोलत राहते. त्या उच्चारांची टिंगल पुष्कळ झाली, पण सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्करही त्यालाच मिळालं. तीन वर्षांनी तो सोव्हिएत पाणबुडीचा कप्तान झाला, तेव्हाही तोच 'श'. समुद्राखालून.

आमच्या ट्रेनर मॅडमनी या माणसाला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

सांगतो. २००५ साली मी पुण्यात एका कॉल सेंटरला होतो. अमेरिकन प्रोसेस, रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच. फ्लोअरवर बसवण्याआधी सहा आठवडे 'व्हॉइस अँड ॲक्सेंट'चं ट्रेनिंग. तिथे एक शब्द उठता-बसता कानावर पडायचा, एमटीआय. मदर टंग इन्फ्लुअन्स. "तुझा एमटीआय फार हेवी आहे रे," असं मॅडम म्हणायच्या. छातीत कफ झालाय असं डॉक्टर सांगतात ना, त्या सुरात.

तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'पेपर' म्हणायचं. पट्टी हलली पाहिजे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'बरोबर हवेचा झोत येतो, आपला 'प' कोरडा. माझी पट्टी आठवडाभर ढिम्म. मग 'व्ही'ला खालचा ओठ दाताखाली, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू. आपल्याला एका 'व'वर आयुष्य काढायची सवय. 'वॉटर'चं 'वॉडर', 'ट्वेंटी'चं 'ट्वेनी'. आणि तो 'र'! आपल्या 'र'ला जिभेचं टोक वर आपटतं. अमेरिकन 'र'ला जीभ कुठे म्हणजे कुठेच टेकवायची नाही, मागे ओढून नुसती तरंगत ठेवायची. रात्री घरी जाईपर्यंत जबडा दुखायचा. थट्टा नाही, खरंच दुखायचा.

नाव मिळालं केविन.

गंमत म्हणजे माझं हे दुसरं ट्रेनिंग होतं. पहिलं झालं बारावीनंतर कराडहून पुण्यात आलो तेव्हा. होस्टेलवर 'पानी आन' म्हणालो आणि अख्खी खोली हसली. तिथे पट्टी-बिट्टी काही नव्हती, पण दोन महिन्यांत 'ण' जागेवर आला.

तर हे सगळं तोंडातून गेलेलं असल्यामुळे, कुठलाही नट परक्या उच्चारात बोलायला लागला की मी गोष्ट सोडून त्याचा जबडा बघतो. ह्यू लॉरी हा माझा देव. ऑक्सफर्डमध्ये जन्मलेला, केंब्रिजमध्ये शिकलेला, ब्रिटिश विनोदी मालिकांमधला माणूस. 'हाऊस' या अमेरिकन टीव्ही मालिकेची ऑडिशन टेप त्याने नामिबियात दुसऱ्या शूटिंगवर असताना हॉटेलच्या बाथरूममध्ये केली, कारण पुरेसा उजेड तिथेच होता. ती बघून दिग्दर्शक ब्रायन सिंगर खूश होऊन म्हणाला, मला असाच अमेरिकन नट हवाय. पुढे २००४ ते २०१२ असे आठ सीझन लॉरीने ते निभावलं, तेही डॉक्टरची भूमिका! ब्रिटिश माणूस शब्दाच्या शेवटचा 'र' गिळतो आणि वैद्यकीय भाषा तर नुसती 'र'ने लिंपलेली. 'कॉरोनरी आर्टरी' जीभ न टेकवता म्हणून बघा. दहा वेळा. आता पेशंट मरतोय असं समजून म्हणा.

उलट्या दिशेने रेने झेलवेगर. ही टेक्ससची पोरगी, 'ब्रिजेट जोन्स'साठी (२००१) लंडनकर व्हायचं होतं. कोच तर होताच, पण ती एका लंडनच्या प्रकाशन संस्थेत खोट्या नावाने काही आठवडे कामाला जाऊन बसली. कॅमेरा बंद असतानाही तोच उच्चार. तिचा खरा आवाज आपण शूटिंग संपल्यावरच्या पार्टीत पहिल्यांदा ऐकला, असं तिचा सहकलाकार ह्यू ग्रँटने सांगितलंय. यावर माझा लगेच विश्वास बसला. शिफ्ट संपल्यावर पहाटे कॅबमध्ये आईचा फोन आला होता, निघालास का विचारायला. मी अर्धवट झोपेत म्हणालो, "हाय, धिस इज केविन." आई म्हणाली, "राँग नंबर," आणि ठेवला. मग परत लावून मलाच सांगितलं, "अरे मगाशी कुणी साहेबानं उचलला."

फसलेल्यांचीही मला दया येते. डिक व्हॅन डाइकने 'मेरी पॉपिन्स'मध्ये (१९६४) लंडनचा धुरांडी साफ करणारा बर्ट केला. नाच काय, चेहरा काय, सगळं झकास, फक्त तोंड उघडलं की कॉकनीचा, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीतल्या बोलीचा, चिवडा. बिचाऱ्याने २०१७ साली, नव्वदी ओलांडल्यावर, बाफ्टाच्या (ब्रिटिशांचं ऑस्करच म्हणा) निमित्ताने जाहीर माफी मागितली. पन्नासहून जास्त वर्षं ब्रिटिश लोकांनी ते डोक्यात ठेवलं होतं! आणि आमचे नामबंधू केविन कॉस्नर १९९१ च्या रॉबिन हूडमध्ये काही प्रसंगांत इंग्लंडमध्ये असतात, काही प्रसंगांत सरळ कॅलिफोर्नियाला जाऊन येतात. या लोकांचं कुठे चुकतं ते मला ट्रेनिंगमध्येच कळलं होतं. त्यांनी 'कॉकनी' किंवा 'ब्रिटिश' नावाचा माल घाऊक उचललेला असतो. झेलवेगरने एक विशिष्ट बाई उचलली. ती कुठल्या वयाची, कुठल्या ऑफिसातली, दोन पेग झाल्यावर कशी बोलणारी, सगळं ठरलेलं. इद्रिस एल्बा लंडनच्या हॅकनीचा, पण 'द वायर' या अमेरिकन मालिकेत तो बॉल्टिमोरच्या एका ठरावीक धंद्यातला एक ठरावीक माणूस असतो. अमेरिका-बिमेरिका काही बोलत नाही तो.

आता आपली पाळी आली की काय होतं बघा. बॉल्टिमोरला वेगळा उच्चार, बोस्टनला वेगळा, लिव्हरपूल आणि मँचेस्टर मोटारीने तासाभराच्या अंतरावर तरी दोघांना वेगळे. आणि अख्ख्या भारताला मिळून एक. पीटर सेलर्सने १९६८ च्या 'द पार्टी'त तोंडाला रंग लावून जो भारतीय बक्षी केला, त्याचा उच्चार ऐकून तो माणूस अमृतसरचा की कोइमतूरचा ते सांगून दाखवा. 'सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टूनमधला भारतीय दुकानदार अपू तर न्यूयॉर्कचा हँक अझारिया कितीतरी वर्षं बोलत होता. २०२० मध्ये त्याने हे काम सोडलं. अपूचा एमटीआय कुठल्या मदरच्या टंगचा होता हे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. आमच्या ट्रेनिंगमध्ये निदान बंगाल्याला 'भ'साठी बोलणी बसायची आणि मला 'व'साठी. तेवढा मान होता.

देव पटेलचं उदाहरण मला जास्त छळतं, कारण नट गुणी आहे. लंडनमध्ये वाढलेला पोरगा. 'स्लमडॉग'मध्ये मुंबईचा जमाल आणि पुढे कुंभकोणमचा अय्यंगार रामानुजन, दोघांचं इंग्रजी माझ्या कानाला एकाच गल्लीतलं वाटलं. तोच पटेल 'लायन'मध्ये (२०१६) खांडव्यात जन्मून हॉबार्टला वाढलेला सरू करतो, तेव्हा ऑस्ट्रेलियन उच्चारात कुठे शिवण दिसत नाही. महिनोन् महिने घासलं होतं त्याने. बाफ्टा मिळालं. म्हणजे तोंड तयार आहे, मेहनत तयार आहे. पण कुंभकोणम चुकलं तर तिथे ओळखणार कोण? ऑस्ट्रेलियन चुकलं असतं तर सोलून काढला असता. नट कितीही मोठा असो, तो ज्याच्या कानाला भितो त्याचाच उच्चार घासतो.

या सगळ्यात मला कायम आठवतात 'गांधी'मधले डॉ. श्रीराम लागू. १९८२ चा सिनेमा, लागू म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. छोटं काम आहे. पण त्यांचं इंग्रजी ऐका! स्वच्छ, ठाम, घाई नाही आणि थेट पुण्याचं. गोखले म्हणजे कोकणातल्या कोतळूकचा मुलगा, फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक होतो, कायदेमंडळात लॉर्डांसमोर उभा राहून अंदाजपत्रकाची चिरफाड करतो, तो बोलेल तर असंच बोलेल. लागू स्वतः कान-नाक-घशाचे सर्जन. आवाज कुठून निघतो हे त्यांना आतून माहीत होतं, तरी साहेबाचा घसा त्यांनी लावून घेतला नाही. त्याच सिनेमात रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा, इंग्रजी संवाद आणि बाफ्टा. आमच्या व्हॉइस अँड ॲक्सेंटच्या टेस्टला दोघंही बहुधा नापास.

मॅडमवर राग नाही बरं का. त्या नागपूरच्या. वर्गात अशी अमेरिकन फाडायच्या की बघत राहावं आणि कॅबमध्ये बसलं की बहिणीला फोन, "काय करून राह्यली? जेवली का?" चप्पल काढून पाय मोकळे करावेत तसा आवाज व्हायचा त्यांचा.

केविन दीड वर्षाने वारला. मी आता दुसऱ्या धंद्यात आहे, 'व' एकच वापरतो. पण मागच्या आठवड्यात कराडला गेलो होतो. पुतणी दुसरीत आहे, दिवसभर यूट्यूब. जेवताना म्हणाली, "आजी, वॉडर." शंभर टक्के बरोबर. मला त्याला सहा आठवडे लागले होते. आईने भाकरी थापता थापता मागे न बघता विचारलं, "काय हवंय?"

"वॉडर!"

"पानी म्हन की मग."