फ्यूज वायरसाठी असतो, अँपसाठी नाही

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीत गाण्यांचा आवाज वाढवायला बसवतात त्या अँप्लिफायरला, म्हणजे अँपला, स्वतःचा फ्यूज असतोच, बॅटरीजवळ दुसरा नको. वायर जाड दिसली की झालं. अर्थ, म्हणजे अँपची निगेटिव्ह वायर, सीटबेल्टच्या बोल्टला द्या. रिमोटची निळी वायर, म्हणजे स्टीरिओबरोबर अँप चालू-बंद करणारी, थेट बॅटरीला जोडा. आणि फ्यूज उडत राहिला तर मोठा टाका. गाड्यांच्या वायरिंगमध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि हा मेसेज वाचून मला खरंच भीती वाटली. त्याच्या भरवशावर कुणीतरी या रविवारी बोनेट उघडणार आहे.

आधी फ्यूजचं बघू, कारण सगळ्यात घातक गोष्ट तीच आहे. अँपवरचा फ्यूज अँपपुरता. पण पॉवरची वायर बॅटरीवरून निघते, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्यातून आत येते आणि दाराच्या पट्टीखालून, सीटखालून डिकीत पोचते. चार-पाच मीटरचा प्रवास. वाटेत कुठेही तिचं आवरण सोलून तांबं पत्र्याला टेकलं, तर करंट अँपपर्यंत जातच नाही. गाडीचा पत्रा म्हणजे बॅटरीचा निगेटिव्हच, त्यामुळे तो तिथूनच परत फिरतो. अँपवरचा फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तापून लाल होते. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरीसुद्धा अशा शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर सोडते. वर कार्पेट आणि फोम. किल्ली खिशात असली तरी हे होऊ शकतं, कारण ही वायर इग्निशनमधून जात नाही.

माझ्याकडे एक हॅचबॅक आली होती. तक्रार एवढीच, की खड्ड्यात आपटली की गाणं क्षणभर तुटतं. बघितलं तर फायरवॉलला भोक पाडून वायर तशीच ओढलेली, भोकाच्या धारेवर बसवायची रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, नाही. बोटाने ती बाजूला सारली. आवरणाला नखाएवढी खाच, आत दोन-तीन तारा उघड्या, आणि समोर पत्र्याच्या धारेवर काळा ठिपका. ठिणगी पडून गेली होती. बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती. तो ठिपका अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून मेन फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, आणि त्याचा आकडा वायरला झेपेल त्याहून जास्त नको. आता ‘उडाला तर मोठा टाका’ याचा अर्थ बघा: वायर सांगतेय की मला सोसत नाही, आणि आपण तिचं तोंड दाबतोय. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, अँप बिघडलाय, किंवा हिशोब चुकलाय. हिशोब सोपा आहे. सलग ५०० वॅट (आरएमएस) देणारा क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा, अँप साधारण ८० टक्के कार्यक्षम धरा, म्हणजे आत ६२५ वॅट लागतात. १३.८ व्होल्टने भागलं की ४५ अँपिअर. खोक्यावर २००० वॅट छापलेलं असलं आणि अँपवर २५-२५ अँपिअरचे दोनच फ्यूज असले, तर आत सलग ७०० वॅटसुद्धा जात नाहीत, मग बाहेर २००० कुठून येणार? खोक्यावरच्या आकड्यापेक्षा फ्यूजवर विश्वास ठेवा.

जाड वायरची गोष्टही तशीच फसवी. बाजारात स्वस्त किटमधली वायर बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची असते, आणि आवरणच जाड असतं. तार ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखी पांढरी निघाली तर ओळखा. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ती खूप कमी करंट वाहते. खऱ्या तांब्याची ८ गेजची (गेजचा आकडा जितका लहान, वायर तितकी जाड) वायर असली तरी ४५ अँपिअरला पाच मीटरमध्ये जवळपास अर्धा व्होल्ट खाते. ४ गेजची घेतली तर हा तोटा ०.२ व्होल्टच्या आत राहतो. एवढ्या लांबीला मी ४ गेजच वापरतो.

सीटबेल्टचा बोल्ट? त्याला हात लावू नका. तो ठरावीक ताकदीने आवळलेला असतो, धडकेत माणसाचं वजन त्याच्यावर येतं. त्याखाली थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, सरकवून तो सैल राहिला तर काय होईल, हे सांगायला नको. अर्थ अँपच्या जवळच, चेसीच्या जाड पत्र्याला द्या. रंग पूर्ण खरवडून पत्रा चकचकीत करा, आणि अर्थची वायर पॉवरच्या वायरइतकीच जाड ठेवा. ड्रिल चालवण्याआधी गाडीखाली वाकून बघा, त्या जागी पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी असू शकते. सीएनजी गाडीच्या डिकीत तर सिलिंडर आणि त्याची नळी असते. तिथे भोक पाडूच नका, अँप सीटखाली बसवा.

निळी वायर थेट बॅटरीला दिली तर अँप कधी झोपतच नाही आणि काही दिवसांत गाडी स्टार्ट होत नाही. ती स्टीरिओच्या रिमोटच्या, बहुतेकदा निळ्या-पांढऱ्या, वायरलाच जोडायची.

काम सुरू करताना पहिल्यांदा १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढा, आणि तो सगळ्यात शेवटी लावा. मेन फ्यूज तोपर्यंत होल्डरबाहेरच राहू दे. मग फ्यूज बसवून अर्धा तास गाणी लावा आणि फ्यूज होल्डर, थिंबल, वायर हाताने चाचपा. कुठे चटका बसला तर तो जोड सैल आहे. निगेटिव्ह पुन्हा काढा आणि तो जोड नव्याने करा.