काका, थापा मारण्याविषयी

काका, ब्राझिलियन जिउ-जित्सूवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'शुक्रवार पेठेत १७८३ची चिंचेची तालीम असताना ब्राझीलचं हे खूळ कशाला? उताणं पडायचं, गळे आवळायचे आणि दुखलं की थापा मारायच्या! वर एवढं लिहून जिमचं नाव देत नाही. नातू हट्ट धरून बसलाय, पाठवू कुठे?' असा तुमचा सूर. थापांचा टोमणा मान्य. 'थाप मारायची' असं मीच लिहिलं होतं आणि पुण्यात त्याचा एकच अर्थ होतो. यापुढे टॅप म्हणतो, म्हणजे 'हरलो, सोड' अशी हाताने थोपटून केलेली खूण.

आणखी एक चूक कबूल करतो. चोकमध्ये, म्हणजे गळा आवळायच्या डावात, 'श्वास कोंडतो' असं मी लिहिलं, ते साफ चुकलं. नीट बसलेला चोक मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतो, म्हणून तर आठ-दहा सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. ट्रँगल या पायांनी घातलेल्या चोकमध्ये एका बाजूला समोरच्याची मांडी असते आणि दुसऱ्या बाजूला आपलाच खांदा. माझ्यावर तो पहिल्यांदा बसला तेव्हा श्वास चालू होता, म्हणून मी आपला तग धरून. मग पंख्याची घरघर लांब लांब जायला लागली. तेव्हा कुठे टॅप केला.

टॅप म्हणजे पळपुटेपणा असेल, तर १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये या खेळातला ब्राझीलचा उस्ताद हेलिओ ग्रेसी अजिबात पळाला नाही. जपानच्या मासाहिको किमुरा या ज्युदोवाल्याने हात पिरगाळला, याने टॅप केला नाही, हात मोडला; शेवटी भावाने लढत थांबवली. त्या डावाला आज ब्राझीलवालेच 'किमुरा' म्हणतात. आणि हो, मूळ विद्या जपानचीच. १९१४ मध्ये मायेदा नावाचा ज्युदोवाला ती तिकडे घेऊन गेला.

कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास, त्यामुळे उताणा माणूस तुम्हाला बघवत नसणार. इथे तोच खालून पायांची कैची घालून हात नाहीतर मान धरतो.

आता जिमचं. नाव देत नाही, कारण एकाच जिममध्ये सकाळची बॅच चांगली आणि संध्याकाळची वाईट असू शकते. एका ठिकाणी ट्रायलला गेलो होतो. आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणायचा डाव, लागला, मी दोनदा टॅप केला; निळ्या पट्ट्याच्या पोराने हसत अजून थोडं ओढलं. सर मोबाइलमध्ये. पुढे सहा आठवडे त्या हाताने पाण्याची कळशी उचलली नाही. तेव्हापासून पहिल्या दिवशी मी कपडेच नेत नाही. भिंतीला टेकून बसतो आणि बघतो, टॅपनंतर पकड किती पटकन सुटते आणि तेव्हा सरांचं लक्ष कुठे असतं. बसून बघू देत नसतील तर चप्पल घालायची. नवख्यांना हील हुक लावत असतील तरीही. त्यात टाच फिरते पण जातो गुडघा, आणि दुखायच्या आधीच लिगामेंट गेलेलं असतं. मॅट रोज पुसतात का तेही विचारा, गजकर्ण फुकट मिळतं.

नातवाला आधी वर्षभर मातीत लोळवलंत तरी उत्तम. तालमीतला पोरगा मॅटवर आला की पहिल्याच दिवशी आम्हाला उचलून आपटतो. फक्त पट काढताना, म्हणजे पाय धरून पाडताना, डोकं बाहेरच्या बाजूला ठेवू नको म्हणावं, गिलोटिन या समोरून हाताने मान आवळायच्या चोकमध्ये ती अलगद सापडते.