‘गोळ्या खाणाऱ्यालाच लागतं’? तसं नाही, आबा

उन्हाळा लागला की आमच्या बीडकडच्या गावच्या ग्रुपवर पोटदुखीवरचे मेसेज सुरू होतात. यंदा आबांनी टाकलेला एक मेसेज फिरत फिरत तीन ग्रुपवरून माझ्याकडे परत आला. त्यात लिहिलंय की अँटिबायोटिकची शरीराला सवय लागते, मग ते लागू पडत नाही. हे ऊठसूट गोळ्या खाणाऱ्या शहरवाल्यांचं दुखणं आहे, घरची भाकरी खाणाऱ्याला भीती नाही. झालंच तर आठ दिवस ताक प्या, आतडं धुऊन निघतं. आणि बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या जपून ठेवा, पुढे कामी येतात. मी तालुक्याच्या गावी लॅबमध्ये लघवीचं कल्चर लावतो, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते बघतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ती ‘सवय’. सवय तंबाखूची लागते, ती माणसाला. इथे माणूस आहे तसाच राहतो, बदलतात ते आतड्यातले जंतू. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या पोटात मुक्कामाला असतो आणि बहुतेक वेळा काही त्रासही देत नाही. गोळी घेतली की मरायचे ते मरतात आणि जे तगतात त्यांना रान मोकळं होतं. तगण्याची ही युक्ती पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या जनुकांच्या बारीक कड्यावर असते. त्या कड्याची नक्कल शेजारच्या जंतूला देता येते, तो दुसऱ्या जातीचा असला तरी. जपानमध्ये हगवणीचे जंतू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनासे झाले, तेव्हा १९५९ साली तिथल्या संशोधकांनी हेच दाखवलं: ई. कोलायकडची ताकद हगवणीच्या शिगेलाकडे जात होती.

आता ‘शहरवाल्यांचं दुखणं’. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच, कारण ती वाचून निम्मं गाव निश्चिंत झालं. नेदरलँड्सच्या संशोधकांनी परदेशी जाणारे सुमारे दोन हजार प्रवासी तपासले. ते धडधाकट होते, आणि बहुतेकांच्या पोटात जाताना असले औषधांना दाद न देणारे जंतू नव्हते. दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या भागात, येऊन गेलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक परतताना ते घेऊन गेले. गोळ्या घेतलेल्यांत आणि जुलाब झालेल्यांत प्रमाण जास्त होतं, हे खरं. पण एकही गोळी न घेतलेल्यांनाही ते लागले. काहींच्या घरच्या माणसांपर्यंतही पोचले. दिल्लीत गोळा केलेल्या नमुन्यांचा अभ्यास २०११ मध्ये छापून आला. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांनाही न जुमानण्याची ताकद जंतूंना देणारं एनडीएम-१ हे जनुक रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत सापडलं. पाणी काही गोळ्या खात नाही.

मग आपलं गाव बघा. मे महिन्यात टँकर येतो, दारातले ड्रम भरतात आणि दिवसभर ज्याचा त्याचा हात तांब्यासकट ड्रममध्ये जातो. संडास असले तरी माणसं पाण्यावाचून ओढ्याकडेच जातात. पहिल्या पावसात ते सगळं विहिरीकडे वाहून येतं. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेली कुटुंबं सहा-सहा महिने कारखान्याच्या रानात कोप्यांत राहतात, मिळेल ते पाणी पितात आणि परत येतात. ती काही रोग ‘आणतात’ असं मला म्हणायचं नाही. पाण्याची सोय नाही तिथे कुणाच्याही पोटातलं कुणाच्याही पोटात जातं, एवढंच. हे जंतू पोटात गपगार पडून असतात. त्रास देतात ते पुढे कधीतरी: लघवीच्या मार्गात शिरले, ऑपरेशनची जखम चिघळली, बाळंतिणीला ताप भरला, की तेव्हा. वर्षभरात एकही गोळी न घेतलेल्या बाईच्या रिपोर्टवर ‘आर’ची रांग लागलेली मी पाहिली आहे. ‘आर’ म्हणजे हे औषध चालणार नाही.

ताकाबद्दल भांडण नाही, मीही पितो. पण ताकाने हे जंतू धुऊन निघतात याला आधार नाही. हे जंतू घेऊन परतलेल्या त्या प्रवाशांपैकी निम्म्यांच्या पोटातून ते महिन्याभरात आपोआपच गेले. दहातल्या एकाच्या पोटात मात्र वर्षभरानंतरही होते. आणि ते लोक घरी परतले होते. आपण इथेच राहतो, गेलेले पुन्हा येतात.

राहिला गोळ्या थांबवण्याचा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे, म्हणून जपून लिहितो. कोर्स जितका लांब तितका चांगला, ही जुनी समजूत आता डॉक्टरच तपासून पाहताहेत आणि काही आजारांत कमी दिवसांचा कोर्स पुरतो असं दिसलं आहे. पण किती दिवस पुरेत ते आजारावर ठरतं आणि ते डॉक्टरांनी सांगायचं. ‘बरं वाटलं’ एवढ्यावरून नाही. साध्या जुलाबाला तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात, आणि लहान मुलाला सोबत झिंक. शौचात रक्त असेल, ताप असेल, पोर मलूल पडलं असेल, तर सरळ दवाखाना.

आणि जपून ठेवलेल्या गोळ्या. आबांच्या देवळीत स्टीलचा डबा आहे. त्यात काकूंच्या ऑपरेशनच्या वेळच्या चार, नातवाच्या खोकल्याच्या दोन आणि नाव फाटलेली एक पट्टी. परवा ढाळ लागले तेव्हा त्यांनी त्या पट्टीतली एक घेतली. कशाची होती, ते त्यांनाही सांगता आलं नाही.