‘एक बाटली ओतली की झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आधी तुमचं म्हणणं थोडक्यात इथेच मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांना संदर्भ शोधावा लागणार नाही. तुमच्या १९६७ च्या फोर्ड मस्टँगचं पॉवर स्टीअरिंग, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं वळवायला मदत करणारी यंत्रणा, गळत होतं. तुम्ही गळती थांबवणारं तयार रसायन तिच्या तेलाच्या टाकीत ओतलं, थेंब थांबले आणि गाडी तेव्हापासून बिनतक्रार चालते आहे. त्यामुळे या यंत्रणेतल्या सिलिंडरचं सील (तेल अडवणारं रबरी कडं) बदलण्यावरचा माझा लेख तुम्हाला ‘साध्या कामाचं अवडंबर’ वाटला. शिवाय तेल कुठलंही चालतं आणि जुन्या गाड्या गळायच्याच, असंही तुम्ही लिहिलंत.

थेंब थांबले असतील, त्यावर माझा विश्वास आहे. या बाटल्यांमध्ये रबर फुगवणारी आणि मऊ करणारी द्रव्यं असतात. तापून तापून कडक झालेली सीलची कड त्यामुळे सिलिंडरमधून आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याला पुन्हा टेकते. सील नुसतंच कडक झालं असेल, तर जमीन काही काळ कोरडी राहणारच. पण ते तसंच झालं होतं की आणखी काही बिघडलं होतं, हे तुम्ही पाहिलंच नाही. माझा सगळा आक्षेप तेवढाच आहे.

आणि या गाडीत पाहणं जास्तच गरजेचं. बहुतेक गाड्यांत तेलाचा दाब स्टीअरिंग बॉक्सच्या आतच काम करतो. त्या काळच्या मस्टँगचा बॉक्स मात्र साधा, हातस्टीअरिंगसारखाच. त्यात गिअरचं वंगण असतं, पॉवर स्टीअरिंगचं तेल नव्हे. मदत येते ती बाहेरून: इंजिनाला पंप, पिटमन आर्मच्या (बॉक्समधून निघणाऱ्या, चाकं वळवणाऱ्या हाताच्या) टोकाशी तेल कुठल्या बाजूला जायचं ते ठरवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि त्या व्हॉल्व्हपासून दोन होज (रबरी नळ्या) जातात गाडीखालच्या सिलिंडरला. म्हणजे गळू शकतील अशा जागा भरपूर. त्यात तेल ओघळत खालच्या टोकाला जातं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे उडतं. थेंब सिलिंडरखाली दिसतो आणि सैल असतो पंपाजवळचा जोड. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

म्हणून आधी सगळं धुऊन, पुसून, खडखडीत कोरडं करायचं. मग इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टीअरिंग फिरवायला बसवायचं आणि पहिला ओलावा कुठे येतो ते बॅटरी मारून पाहायचं. स्टीअरिंग पूर्ण वळवून टोकाला दाबून धरू नका. चार-पाच सेकंदांच्या वर तर नाहीच, तेव्हा पंपावर सगळ्यात जास्त ताण असतो. आणि होजवरून हात फिरवून गळती शोधू नका. स्टीअरिंग टोकाला असताना तेलाचा दाब १,००० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर जाऊ शकतो. बारीक भोकातून येणारी धार कातडीत शिरते, वरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत बोट जायची वेळ येते. तसं झालं तर दुखत नसलं तरी थेट इस्पितळ. धार शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा.

आता तुम्ही ज्याला अवडंबर म्हणालात त्या सिलिंडरकडे. त्याचा क्रोमचा दांडा उघड्यावर असतो, चिखल, पाणी, खडी सगळं त्याच्यावर. क्रोमला गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि प्रत्येक वळणाला ते सीलची कड कुरतडतात. अशा दांड्यावर नवं सीलही फार टिकत नाही, फुगवलेलं जुनं तर त्याहून कमी. तपासायला काही लागत नाही: स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून दांडा बाहेर काढा, इंजिन बंद करा, पुसा आणि नख फिरवा. नख अडकलं तर दांडा पुन्हा क्रोम करायचा किंवा सिलिंडर बदलायचा. नाही अडकलं तर सर्कलिप (सील जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढून सील बदलणं हे खरंच छोटं काम आहे.

बाटलीतलं रसायन मात्र फक्त त्या एका सीलपाशी थांबत नाही. पंपाच्या शाफ्टचं सील, व्हॉल्व्हमधल्या ओ-रिंगा (गोल रबरी कडी), होजचं अस्तर, सगळ्यांना ते सारखंच मऊ करतं. चांगली रबरंसुद्धा.

व्हॉल्व्हच्या बॉल स्टडच्या (पिटमन आर्मला जोडणाऱ्या गोल डोक्याच्या खिळीच्या) रबरी बुटातून तेल येत असेल तर व्हॉल्व्ह उघडावाच लागतो. ते काम तुम्ही टाळलंत तर मी समजू शकतो, मलाही ते आवडत नाही. आतला स्पूल (तेलाची वाट बदलणारी सरकती दांडी) मध्यावर ठेवणारा नट चुकीचा बसला की गाडी आपणहून एका बाजूला वळू पाहते. म्हणून जोडणी झाल्यावर सिलिंडरचा दांडा चासीच्या ब्रॅकेटला लगेच अडकवू नका. गाडी स्टँडवर असताना इंजिन चालू करा. दांडा आपोआप आत किंवा बाहेर सरकू लागला तर नट अजून जुळलेला नाही.

‘तेल कुठलंही चालतं’ हे वाक्य मात्र कृपया कुणाला सांगू नका. तुमच्या गाडीला टाइप-एफ एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एफ प्रकारचं तेल. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल यात गेलं तर सगळी सीलं फुगून निकामी. सिट्रोएन डीएस या जुन्या फ्रेंच गाडीत तर एकाच मॉडेलच्या जुन्या गाड्यांना लाल कृत्रिम तेल आणि नंतरच्यांना हिरवं खनिज तेल. एकाचं दुसऱ्यात घातलं की सीलं गेलीच. तेल टाकीत परत आणणाऱ्या रिटर्न होजलाही हेच लागू, कुठलाही चालत नाही. हीटरचा होज मापाने बसतो, पण त्याचं रबर या तेलात फुगून पिठासारखं होतं.

जुन्या गाड्या गळतात, खरं आहे. पण हे तेल पेटतं आणि इंजिनातला धूर बाहेर नेणारा तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जवळच असतो. टाकी रिकामी झाली तर पंपही खरडून जातो.

बाटलीला माझ्या मते एकच जागा आहे: गाडी पुढे उघडायचीच आहे आणि तोवर थोडी हलवायची आहे. तुमचं तसं नाही, तुम्ही ती रोज चालवता. तेव्हा रिटर्न होज काढून ते तेल बाहेर घ्या आणि नवं भरा. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत. मगच इंजिन चालू करा. तेल दुधासारखं फेसाळलं तर अजून हवा आहे, पुन्हा थांबा. हे करताना गाडीखाली जाणारच आहात, तर दांड्यावर नख फिरवून काय लागलं ते इथेच लिहा. फोटोही टाका.